मेरोपेनेम सुरू होतं ते ठीक, पण बंद कोण करतं?

रात्रपाळी

आयसीयूतल्या अँटिबायोटिकबद्दल वर्तमानपत्रात काही छापून आलं की त्यात गुन्हेगार आधीच ठरलेला असतो : ऊठसूट ‘हायर’, म्हणजे जास्त ताकदीचं अँटिबायोटिक लावणारा डॉक्टर. मी आयसीयूतलाच डॉक्टर, आणि माझा आक्षेप या मांडणीलाच आहे. रात्री अडीचला कुणी ७० रक्तदाबाचा, लघवी बंद झालेला, तापाने फणफणलेला पेशंट आणला तर मी मेरोपेनेम हे ‘हायर’ अँटिबायोटिकच लावणार, आणि तासाच्या आत लावणार. २००६ साली आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी कॅनडा-अमेरिकेतल्या सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या. रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत औषधाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरागणिक वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होतं. शॉकमधल्या माणसाला आधी डोस, मग चर्चा.

माझं भांडण चौथ्या दिवसाशी आहे. ताप उतरलाय, नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रक्तदाब टिकवणारं औषध बंद झालंय, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आहे, पेशंट चहा मागतोय. आणि ट्रीटमेंट शीटवर आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, सकाळी सवयीने लिहिलंय : ‘सीएसटी’. म्हणजे काल जे होतं तेच आज. मेरो चालू, टिकोप्लॅनिन हे दुसरं अँटिबायोटिक चालू, कुणी मध्येच जोडलेलं बुरशीवरचं फ्लुकोनॅझोलही चालू. ते फ्लुकोनॅझोल का जोडलं होतं हे विचारलं तर तिघे तिघांकडे बघतात. औषध सुरू करण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. पुढे ते चालू राहतं तेव्हा कुणीच काही ठरवलेलं नसतं.

२०१७ साली एका ठरलेल्या दिवशी ८८ देशांतल्या आयसीयूंची पाहणी झाली होती. संसर्ग झालेले किंवा तसा संशय असलेले पेशंट ५४ टक्के, अँटिबायोटिक चालू असलेले ७० टक्के. आणि किती दिवस द्यायचं याची उत्तरं आता चाचपडत शोधायची गरज नाही. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंत व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियासाठी ८ दिवस विरुद्ध १५ दिवस अशी तुलना झाली, २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, मृत्युदरात फरक पडला नाही. २०२४ च्या शेवटी ‘बॅलन्स’ चाचणी आली : सात देश, ७४ रुग्णालयं, रक्तात जंतू सापडलेले ३६०८ पेशंट, त्यातले निम्म्याहून जास्त आयसीयूतले. ७ दिवसांवाल्यांत ९० दिवसांचा मृत्युदर १४.५ टक्के, १४ दिवसांवाल्यांत १६.१.

तेव्हा प्रस्ताव असा : आयसीयूतली प्रत्येक अँटिबायोटिकची, आणि अँटिफंगलचीही, ऑर्डर ७२ तासांनी आपोआप रद्द व्हावी. पुढे चालवायची असेल तर कन्सल्टंटने स्वतःच्या हाताने कारण आणि संपण्याची तारीख लिहावी. सही नाही तर पुढचा डोस फार्मसीतून निघणार नाही. शॉकमधल्या पेशंटलाही हाच नियम.

झोडा आता.

तालुक्याचा डॉक्टर

झोडतोच. राजेहो, हा प्रस्ताव ज्या रुग्णालयात लिफ्टमध्ये संगीत वाजतं तिथला आहे. माझं सहा खाटांचं आयसीयू विदर्भात आहे. मी फिजिशियन, मीच इन्टेन्सिव्हिस्ट, आणि आरएमओ रजेवर असला की मीच आरएमओ. ७२ तासांनी ‘कन्सल्टंटने कारण लिहावं’ म्हणता, तो कन्सल्टंट त्या वेळी खाली ओपीडीत पन्नास पेशंट काढत असतो. सही राहिली म्हणून पहाटे चारचा डोस चुकला आणि सहाला पेशंट पुन्हा शॉकमध्ये गेला तर जबाबदार कोण, तुमचा नियम?

दुसरं. कल्चर निगेटिव्ह म्हणजे जंतू नाही, हे गृहीतक कुठून आणलं? माझ्याकडे येणारा पेशंट गावातल्या डॉक्टरकडून सेफ्ट्रिॲक्झोनची चार इंजेक्शनं आणि वर लिव्होफ्लॉक्सॅसिन घेऊनच येतो. त्याच्या रक्तात काय उगवणार? शिवाय इथे मायक्रोबायोलॉजी नाही. सॅम्पल दुपारच्या गाडीने जिल्ह्याला जातं. शनिवारी काढलं तर सोमवारपर्यंत ते कुठे पडून असतं ते त्या गाडीवाल्याला ठाऊक.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. सप्टेंबरात ताप, प्लेटलेट कमी, कावीळ, फुप्फुसात पाणी असा तरुण शेतमजूर येतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो की स्क्रब टायफस (झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप)? २०१८ ला नागपूरकडे स्क्रबने माणसं दगावली तेव्हापासून मी प्रत्येकाची काख आणि जांघ बघतो, विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपला कुठे दिसतो का म्हणून. प्रत्येकात दिसत नाही. म्हणून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, स्क्रबवरचं औषध) देतोच. स्क्रबचं ब्लड कल्चर सात जन्मांत पॉझिटिव्ह येणार नाही. तुमच्या नियमाने चौथ्या दिवशी ‘कल्चर निगेटिव्ह, बंद करा’?

आणि कमी औषधं म्हणजेच चांगलं हेही खरं नाही. गंभीर स्क्रब टायफसवर आपल्याच देशात सात केंद्रांत चाचणी झाली, २०२३ ला प्रसिद्ध झाली. एकट्या डॉक्सीपेक्षा किंवा एकट्या अ‍ॅझिथ्रोपेक्षा दोन्ही मिळून दिलेली बरी ठरली. कधी कधी दोन औषधं हेच शहाणपण असतं.

आकडेमोड

डॉक्टर नाही, आकड्यांत पोट भरतो. दोन्ही बाजूंना एकेक चिमटा.

धागाकर्त्याने ७० उणे ५४ अशी वजाबाकी वाचकाच्या डोक्यात सोडून दिली आहे. त्या पाहणीत अँटिबायोटिक घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेनंतर वगैरे प्रतिबंध म्हणून दिलेलीही धरली होती. म्हणजे मधले सोळा टक्के सगळे ‘उगाच’ नाहीत. ७.६ टक्केसुद्धा जुन्या नोंदींतून काढलेला आकडा आहे. चिठ्ठ्या टाकून पेशंटचे दोन गट केलेले नव्हते, आणि शॉकच्या पेशंटांत ते नैतिकदृष्ट्या करताही येणार नाही.

उलट बाजूचाही एक अभ्यास सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सर्जिकल आयसीयूत एक वर्ष ‘संशय आला की लगेच सुरू’ असं धोरण ठेवलं आणि पुढचं वर्ष ‘पुरावा मिळाला की सुरू’ असं. रक्तदाब पडलेल्यांना मात्र दोन्ही वर्षी लगेच औषध. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या वर्षी मृत्यू २७ टक्के, दुसऱ्या वर्षी १३. हाही आधी-नंतरचा अभ्यास, दरवर्षी शंभरेक पेशंट, मधल्या काळात आणखी काय काय बदललं देव जाणे. पण वाट पाहिली म्हणून माणसं पटापट मेली असं तरी दिसलं नाही.

सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव बिघडायला लागण्याच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही २०२१ मध्ये याच दिशेला सरकल्या. २०१६ ला ‘सगळ्यांना एका तासात’ होतं. आता शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एक तास. नुसताच संशय आणि शॉक नाही, तर आधी भराभर तपासा, तीन तासांपर्यंत मुभा आहे. सहमती आहे ती एवढीच. बाकी तुम्ही भांडा, मी कडेला बसलोय.

प्लेटवाली

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. तालुक्याचे डॉक्टर, तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, पण ‘कल्चरमध्ये काही येतच नाही’ हे मी मोठ्या शहरातल्या मोठ्या आयसीयूतूनही रोज ऐकते. येणार कुठून? मोठ्या माणसाच्या ब्लड कल्चरला एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं आणि निदान दोन वेगळ्या जागांहून काढावं लागतं. माझ्याकडे येते एकच बाटली, त्यात जेमतेम तीन मिली, तीही सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत आधीच घातलेल्या नळीतून) ओढलेली, आणि फॉर्मवर ‘चालू अँटिबायोटिक’ या रकान्यात रेघ. मेरोचा डोस गेल्यावर तासाभराने काढलेलं रक्त पाठवून मला विचारायचं, जंतू कुठाय?

पुरेसं रक्त वेळेवर आलं तर खऱ्या संसर्गात मशीन बहुतेक वेळा पहिल्या दीड दिवसात वाजतं. मग मी जंतूचा गट ओळखायला रंग घालून (ग्रॅम स्टेन) बघते आणि आयसीयूला फोन लावते : ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलस दिसतोय, त्याच्यावर टिको चालतच नाही, ते कशाला चालू ठेवलंय?’ या एका फोनवर एक औषध गळतं. त्यासाठी पाच दिवस थांबावं लागत नाही.

याच्या उलट त्रास दुसरीकडे होतो. पेशंट व्हेंटवर दहाव्या दिवशी स्थिर आहे, ताप नाही, एक्स-रे तसाच. कुणीतरी ‘रुटीन’ म्हणून नळीतला स्राव पाठवतो. त्यात अ‍ॅसिनेटोबॅक्टर उगवतो, कारण आपल्या आयसीयूंत तो बेडच्या दांड्यापासून मॉनिटरच्या बटनापर्यंत सगळीकडे बसलेला असतो. रिपोर्टवर सगळं ‘रेझिस्टंट’, फक्त कोलिस्टिन, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध, ‘इंटरमीडिएट’. झालं! संध्याकाळी कोलिस्टिन सुरू. पेशंटवर नाही, कागदावर उपचार चाललेत. थुंकीत कॅन्डिडा ही बुरशी आली म्हणून कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध लावणारेही याच गोत्रातले. श्वासनलिकेतला कॅन्डिडा जवळजवळ नेहमी तिथे नुसता राहायला आलेला असतो.

रात्रपाळी, ७२ तासांच्या नियमाला माझं मत आहे, पण त्याआधी एक नियम हवा : पहिल्या डोसआधी दोन जोड कल्चर. ते नसेल तर ७२ तासांनी तुम्ही काय बघून निर्णय घेणार? चेहरा?

मधुमालती

पोल्ट्रीवाले कोंबड्यांना कोलिस्टिन चारतात त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळं डॉक्टरांच्या माथी.

प्लेटवाली

@मधुमालती, खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्येच बंदी घातली. अंमलबजावणीवर वेगळा धागा काढा, तिथेही भांडायला येते.

पेशंटचा मुलगा

मी वाचक. गेल्या वर्षी वडील एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते, नाव घेत नाही. इथे डॉक्टरलोक दिवस मोजताहेत, मला पावत्या आठवतात. रोज दुपारी नर्स चिठ्ठी द्यायची, मी खालच्या मेडिकलमधून पिशवी भरून वर न्यायचो. मेरोपेनेमच्या कुपीवर छापलेली किंमत आणि बाहेरच्या दुकानात तीच कुपी ज्या भावाने मिळत होती तो भाव, यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. ‘बाहेरून आणू का?’ विचारलं तर ‘आमची जबाबदारी राहणार नाही’ हे उत्तर.

‘कुणी ठरवत नाही म्हणून औषध चालू राहतं’ असं धागाकर्ते म्हणतात. तुमचा भाबडेपणा म्हणू की व्यवसायबंधूंना वाचवणं? ज्या इमारतीत आयसीयू आहे त्याच इमारतीत मेडिकल आहे आणि त्याचा नफा त्याच मालकाकडे जातो, तिथे औषध बंद करण्यात कुणाचा काय फायदा? राउंडला येणारे साहेब आम्हाला दीड मिनिट द्यायचे. ‘इन्फेक्शन आहे, हायर अँटिबायोटिक चालू आहे.’ कुठलं इन्फेक्शन, कुठून झालं, किती दिवस, काही नाही. ते बरे होऊन घरी आले, त्याबद्दल आभारी आहे. पण हा प्रश्न तुमच्या धाग्यात कुणीच काढला नाही म्हणून लिहिलं.

तालुक्याचा डॉक्टर

दादा, तुमचा राग समजतो. असे लोक आहेत, नाही म्हणत नाही. पण चित्राची दुसरी बाजू बघा. मी चौथ्या दिवशी औषध बंद केलं आणि सातव्या दिवशी पेशंट दुसऱ्याच कारणाने गेला, तर नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात : ‘इंजेक्शन बंद का केलं? पैसे संपले वाटले का आमचे?’ १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आम्ही ग्राहक कायद्याखाली आहोत. जास्त औषध दिलं म्हणून मंचासमोर उभा राहिलेला डॉक्टर मी पाहिलेला नाही. कमी दिलं, उशिरा दिलं, बंद केलं, म्हणून उभे राहिलेले माझ्या वर्गातलेच आहेत. काचा फुटतात त्याही याच कारणाने. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, पण काच फुटल्यावर कायद्याचं कलम वाचत बसायला वेळ नसतो.

प्लेटवाली ताई, दोन बाटल्यांचं मान्य. उद्यापासून करतो, खर्च पेशंटला समजावून. पण तुम्ही ज्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरला ‘नुसता राहायला आलेला’ म्हणता, तोच चार दिवसांनी रक्तात सापडतो. कुठला पाहुणा आणि कुठला चोर हे व्हेंटवरच्या पेशंटमध्ये मला तरी बाहेरून कळत नाही. तुम्हाला प्लेटवर कळतं?

प्लेटवाली

नाही कळत. प्लेटवर दोघे सारखेच दिसतात. म्हणून तर रिपोर्टवर औषधाचं नाव वाचण्याआधी पेशंटकडे बघा म्हणते : ऑक्सिजनची गरज वाढली का, एक्स-रेवर नवा डाग आला का, स्राव घट्ट आणि पिवळा झाला का. यातलं काहीच नसेल तर पाठवलेलं सॅम्पल हीच पहिली चूक.

रात्रपाळी

पेशंटचा मुलगा यांना : भाबडेपणाचा आरोप अर्धा मान्य. पैशाचा मुद्दा मी मुद्दाम टाळला होता, कारण तो निघाला की बाकी चर्चा बंद पडते. पण तुमच्या उदाहरणातसुद्धा लेखी कारण आणि संपण्याची तारीख मागण्याचा नियम उपयोगी पडला असता. ‘इन्फेक्शन आहे’ एवढं शीटवर लिहून भागत नाही. ‘उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया, दिवस ३, सातव्या दिवशी बंद’ असं लिहावं लागतं. तो कागद तुम्ही मागू शकता. नफेखोराला खोटं कारण लिहिता येईल हे खरं, पण आज त्याला तेवढेही कष्ट पडत नाहीत.

तालुक्याचे डॉक्टर, स्क्रबचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डॉक्सीचं कारण ‘स्क्रबचा संशय, ऋतू, प्लेटलेट, लिव्हर’ असं लिहा आणि सात दिवस चालवा, कोण अडवतंय? पण त्याच पेशंटला तुम्ही पहिल्या रात्री मेरोही लावलं असणार. मीही लावलं असतं. ४८ तासांत डॉक्सीने ताप झटक्यात उतरला, स्क्रबची चाचणी पॉझिटिव्ह आली. आता मेरो कशासाठी? ते तसंच सात दिवस चालतं ना? खरं सांगा.

सिस्टर नाशिककर

मी नर्स. नाशिकला शिकले, मुंबईत आयसीयूत काम केलं, आता इंग्लंडमध्ये आहे. इथल्या रुग्णालयांत २०११ पासून सरकारी धोरणच आहे की ४८ ते ७२ तासांनी प्रत्येक अँटिबायोटिकचा फेरविचार करून निर्णय नोंदवायचा : बंद, बदल, शिरेतून तोंडावाटे, किंवा चालू. आमच्याकडे फार्मासिस्ट रोज राउंडला असतो आणि तोच आठवण करतो. आपोआप डोस अडत मात्र नाही. रात्रपाळी, तो भाग तुम्ही काढून टाका. सही राहिली म्हणून सेप्सिसच्या पेशंटचा डोस चुकला तर ते पाप नर्सच्या माथी येतं. फार्मसीला फोन करा, कन्सल्टंटला उठवा, हे सगळं आम्हीच करणार.

आणि ज्याबद्दल दोन्ही डॉक्टरांनी अवाक्षर काढलेलं नाही ते बोलते. इतके जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात कसे? हातांवरून. मुंबईत रात्री एकेका नर्सकडे व्हेंटवरचे तीन-तीन पेशंट असायचे. एकाचं सक्शन करत असताना शेजारच्याचा मॉनिटर बोंबलायला लागतो. तुम्ही सॅनिटायझरच्या बाटलीकडे जाता की पेशंटकडे? इथे व्हेंटवरच्या पेशंटला एक नर्स. फरक औषधांत नाही, तिथे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन टाकताना साध्या पाच गोष्टी पाळल्या : हात धुणं, पेशंटच्या अंगावर पूर्ण निर्जंतुक चादर, कातडीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली लाइन टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली निष्कर्ष आले तेव्हा लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग दोन-तृतीयांशाने घटले होते. संसर्गच झाला नाही तर मेरो कुणी लावायचं आणि कुणी थांबवायचं हा प्रश्नच उरत नाही. पण डॉक्टरांच्या धाग्यात औषधावर चार पानं आणि हात धुण्यावर शून्य. नेहमीचंच.

आकडेमोड

सिस्टरांना +१. धाग्यातला सर्वांत ठोस आकडा त्यांनी दिला.

तालुक्याचा डॉक्टर

रात्रपाळी, खरं सांगायचं तर हो, चालतं. मी बंद करत नाही. आणि का करत नाही ते सांगतो, म्हणजे तुम्हाला फक्त आळस दिसणार नाही.

‘हलकं औषध देऊन बघू’ हा सल्ला महागात पडल्याची चाचणीच आहे. रक्तातला ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला सेफ्ट्रिॲक्झोनला दाद देत नाही, पण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला (पिपटाझ) देतो असं लॅब म्हणते, अशा पेशंटांत पिपटाझ आणि मेरोची तुलना झाली, २०१८ ला छापून आली. महिन्याभरात मेरोवाल्यांत ३.७ टक्के मेले, पिपटाझवाल्यांत १२.३. सात दिवस पुरतात म्हणता, पण त्याच फ्रेंच चाचणीत सुडोमोनाससारखे जंतू असलेल्यांत आठ दिवसांवाल्यांना पुन्हा संसर्ग जास्त झाला, १५ दिवसांवाल्यांत २५ टक्के तर यांच्यात ४०. ते तुम्ही वगळलंत. आणि माझ्या व्हेंटवर जे आहेत त्यांच्यात हेच जंतू असतात. फ्रान्समधले नाहीत, इथले. आयसीएमआरच्या २०२१ च्या नोंदींत अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला, म्हणजे मेरोच्या गटातल्या औषधांना, दाद न देणारे होते.

रात्रपाळी

फ्रेंच चाचणीतला तो भाग वगळला नाही, मृत्यूंत फरक पडला नाही हे सांगितलं. पुन्हा संसर्ग झाला तर पुन्हा उपचार करता येतात. सगळ्यांनाच पंधरा दिवस देण्यापेक्षा काहींना दुसऱ्यांदा आठ दिवस देणं मला पटतं. पिपटाझची चाचणी मात्र योग्य जागी आणलीत : जंतू कळला, मेरो लागतंय, तर मेरोच द्या. माझा नियम ‘मेरो देऊ नका’ असं कुठे म्हणतो?

पण ८७.५ टक्क्यांचा आकडा तुम्ही देता आणि त्याच्यावर मेरोच चालू ठेवता, हे कसं? जो जंतू दहापैकी नऊ वेळा औषधाला जुमानत नाही त्याच्यासाठी ते औषध ‘सुरक्षिततेसाठी’ चालू ठेवायचं? ही भीती आहे, उपचार नव्हे. कोलिस्टिनच्या जोडीला मेरो द्यायची पद्धतही अशीच. इस्रायल, ग्रीस आणि इटलीत ४०६ पेशंटांवर एकटं कोलिस्टिन विरुद्ध कोलिस्टिन अधिक मेरो अशी चाचणी झाली, २०१८. एकट्यात ७९ टक्के अपयश, जोडीत ७३, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशेबाने फरक नाही.

थोडं अवांतर, पण राहवत नाही. जास्त दिवसांएवढाच मोठा गुन्हा कमी डोसचा आहे. क्रिएटिनिन ३, म्हणजे किडनी बिघडलेली, दिसलं की पहिल्याच रात्री मेरोचा डोस अर्धा करणारे आहेत. पहिला डोस किडनी बघून ठरत नाही, अंगात सलाइनचं किती पाणी भरलंय ते बघून ठरतो. तो पूर्णच द्यायचा. कोलिस्टिनचंही तेच : सुरुवातीला ९ मिलियन युनिटचा लोडिंग डोस (पहिला मोठा डोस) न देता नुसतं दिवसातून तीनदा २-२ मिलियन लावलं तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात पेशंट जातो. उलट डोक्याला मार लागलेला पंचविशीतला मोटारसायकलवाला असेल तर त्याची किडनी इतकी जोरात चालते की नेहमीचा डोस लघवीतून वाहून जातो. म्हणून मी पहिला डोस पटकन आणि पुढचे तीन-तीन तास सावकाश सोडतो.

आकडेमोड

सावकाश सोडण्यावरही चाचणी झालीय, २०२४, सात हजारांवर पेशंट. मृत्यू २४.९ विरुद्ध २६.८, फरक ठामपणे म्हणावा इतका नाही. मी गेलो.

पेशंटचा मुलगा

मला यातलं निम्मं कळलं नाही. पण एक विचारतो. वडिलांना अकरा दिवस मेरोपेनेम दिलं, त्यातले शेवटचे चार दिवस ते सामान्य वॉर्डात जेवत होते. प्रोकॅल्सिटोनिन म्हणून महाग तपासणी दोनदा केली होती. दुसऱ्यांदा ‘खूप कमी आलंय, छान’ म्हणाले आणि इंजेक्शन तसंच चालू. मग ती तपासणी कशाला केली?

प्लेटवाली

बरोबर प्रश्न. प्रोकॅल्सिटोनिन हे द्रव्य जंतुसंसर्गात रक्तात वाढतं, म्हणून त्या तपासणीचा खरा उपयोग औषध थांबवण्यासाठीच आहे. नेदरलँड्समध्ये २०१६ साली दीड हजारावर आयसीयू पेशंटांत ‘पातळी सर्वोच्च पातळीच्या ८० टक्क्यांनी उतरली किंवा ०.५ पर्यंत आली की बंद करायचा सल्ला’ असा नियम लावून पाहिला. औषधाचे दिवस सातावरून पाचावर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट थोडे कमीच दिसले. तपासणी करून औषध तसंच ठेवायचं असेल तर फक्त बिल वाढतं. तुमच्याकडे तेच झालं.

तालुक्याचा डॉक्टर

ठीक. माझ्यापुरतं ठरवतो. लघवीचा संसर्ग, सेल्युलायटिस, चाचणीने ठरलेला स्क्रब किंवा लेप्टो, आणि ज्यांचा रक्तदाब सावरलाय, अशांत तिसऱ्या दिवशी मेरो काढेन, फाइलवर कारण लिहीन, नातेवाइकांना समोर बसवून सांगेन. आपोआप रद्दबिद्द नाही, त्या बाबतीत मी सिस्टरांच्या पक्षात. व्हेंटवरच्या पेशंटला मात्र हात लावणार नाही. तिथे माझ्याकडे ना ब्राँकोस्कोपी, ना रोजचा एक्स-रे वाचायला रेडिओलॉजिस्ट, ना रविवारी फोन उचलणारी लॅब.

रात्रपाळी

पण डॉक्टरसाहेब, लघवीच्या संसर्गातून तुमच्या आयसीयूत कोलिस्टिनची वेळ येत नाही. ती येते त्या दोन व्हेंटवरच्या खाटांवरून, जिथे तुम्ही हात लावणार नाही म्हणता.

तालुक्याचा डॉक्टर

मान्य. तरी नाही लावणार. तुम्ही एक महिना इथे येऊन बसा, रात्री नातेवाइकांशी तुम्ही बोला, मग लावतो. राहायची सोय करतो, जेवण माझ्या घरी.

प्लेटवाली

येताना ब्लड कल्चरच्या बाटल्यांचा खोका घेऊन या. जिल्ह्याच्या लॅबला रविवारी कोण असतं ते मी बघते, तिथली एक विद्यार्थिनी माझीच आहे.